आईचं वाक्य आणि तुझी आठ मिनिटं

ताई,

मी 33 वर्षांची आहे. एका कंपनीत अकाउंट्सचं काम बघते आणि गेली तीन वर्षं मराठीत स्टँडअप करते. आठवड्याला दोन-तीन ओपन माइक (कुणीही नाव देऊन स्टेजवर उभं राहावं असे कार्यक्रम), बहुतेक वेळा पाच मिनिटांचा स्पॉट, म्हणजे स्टेजवरची वेळ. काही महिन्यांपूर्वी माझी एक क्लिप खूप फिरली. त्यात मी आईबद्दल बोलले आहे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, पण आई अजून रोज सकाळी त्यांच्या नंबरवर ‘सुप्रभात’ पाठवते. माझा पंच, म्हणजे हशाचं वाक्य, होता, ‘आईला वाटतंय, वर रेंज नसेल!’ लोक जाम हसले.

आईला ती क्लिप तिच्या मैत्रिणीनं दाखवली. आई ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘मला एवढंसुद्धा कळत नाही, असं वाटतं का तुला?’ तेव्हापासून कामापुरतं बोलते. खरं तर तिला विनोद कळत नाही असं मुळीच नाही. मागे एकदा मी विचारलं होतं, कशाला पाठवतेस, उत्तर येणार आहे का? तर हसून म्हणाली होती, ‘उत्तर तरी कुठं देत होते, असताना?’ मग माझंच बोलणं का लागलं तिला?

त्या क्लिपमुळे मला पहिल्यांदा वीस मिनिटांचा स्पॉट मिळाला, तिकीट लावलेल्या शोमध्ये. सुरुवात बरी झाली. ऑफिसच्या लिफ्टचा बिट (एका विषयावरचा विनोदी तुकडा) बसला. मग आईचा बिट झाला आणि पुढचं काही आठवेचना. समोर अंधार. अकराव्या मिनिटाला मी खाली उतरले. याला दीड महिना झाला. माइक हातात घ्यायचा विचार केला तरी तळहाताला घाम येतो. सोबतचे म्हणतात, नोकरीमुळे तुझं धड काहीच होत नाहीये, नोकरी सोड आणि पूर्णवेळ कर. मला वाटतं, कॉमेडीच सोडून द्यावी. येत्या गुरुवारी पाच मिनिटांचा स्पॉट आहे. रद्द करू का?

— अर्धवट

*

प्रिय मैत्रिणी,

‘अर्धवट’ अशी सही केली आहेस, पण त्या नावानं मी तुला हाक मारणार नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि एका वाक्याखाली मी रेघ मारली. ते वाक्य तू जाता जाता लिहून गेली आहेस. ‘उत्तर तरी कुठं देत होते, असताना?’ तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला विनोद हा आहे आणि तो तुझ्या आईचा आहे. तू विचारलंयस ना, माझंच बोलणं का लागलं? याचं उत्तर या एका वाक्यातच आहे, म्हणून आधी त्याच्यापाशी जरा थांबू या. नोकरीचं आणि गुरुवारचं मागाहून बघू.

तुझा पंच घे. ‘आईला वाटतंय, वर रेंज नसेल.’ यात हसू कशावर येतं? आईच्या अडाणीपणावर. बाई इतकी भोळी की माणूस गेलाय हेही तिला नीट उमगलेलं नाही. पण ती तशी नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे. तिनं रेंजबद्दल कधी काही म्हटलेलंच नाही, ते तू रचलंस. विनोदात रचावं लागतं, मी स्वतः चौदा वर्षं स्टेजवर रचत आले. पण इथे तू जे रचलंस त्यानं खरं माणूस लहान झालं. आता तिचं वाक्य घे. नवरा कमी बोलायचा, तिच्या मेसेजला उत्तर द्यायचा नाही, तरी ती पाठवत राहिली. तो गेला तरी पाठवते आहे, कारण तिच्या बाजूनं काही बदललेलंच नाही. एवढा सगळा संसार तिनं सहा शब्दांत बसवला, तोही हसत. त्या वाक्यात ती शहाणी आहे, जखमी आहे आणि मिस्कील आहे. तुझ्या पंचमध्ये ती फक्त बावळट आहे. ‘मला एवढंसुद्धा कळत नाही, असं वाटतं का तुला?’ हा तिचा प्रश्न अगदी नेमका आहे. तिचं दुःख तू चारचौघांत नेलंस हे कदाचित ती सहन करेलही. पण तिची अक्कल काढून घेऊन नेलंस, ते तिच्या जिव्हारी लागलं.

आणि कारागिरीच्या दृष्टीनंही तिचंच वाक्य वरचढ आहे. जरा मोठ्यानं म्हणून बघ. ‘असताना तरी कुठं उत्तर देत होते?’ असं म्हटलं, तर व्याकरण बिनचूक आणि विनोद पांगळा. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे खरी गंमत मधेच कुठेतरी सांडते आणि ‘होते’, ‘आहे’, ‘नव्हता’ अशी शेपटी मागे राहते. माणसं त्या शेपटीवर हसायला लागतात आणि आपण अजून बोलतच असतो. मराठीत स्टँडअप करणाऱ्या जवळपास प्रत्येकाची पहिली एक-दोन वर्षं या शेपटीशी झगडण्यात जातात. तुझ्या आईनं ते वाक्य उलटं टाकलं, जसं घरात बोलताना आपण सहज टाकतो. ‘उत्तर तरी कुठं देत होते’ इथपर्यंत ती साधी तक्रार आहे, कुठल्याही बायकोची. मग एक लहानसा श्वास. मग ‘असताना’. तो शब्द पडला की ऐकणाऱ्याला सगळं एकदम कळतं, आणि त्याच्यापुढे एकही अक्षर नाही. हशाला जागा मोकळी.

तेव्हा आधी आईकडे जा. गुरुवारच्या आधी. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ असलं काही म्हणू नकोस. त्यात तिचं वाईट वाटणं हाच गुन्हा ठरतो. सरळ सांग, की मी तुझ्या तोंडी नसलेलं वाक्य घातलं, तुला भोळी दाखवलं आणि हशा मिळाला म्हणून ते तसंच चालवलं, ते चुकलं. क्लिप तुझ्या खात्यावरून त्याच दिवशी काढ. ज्यांनी उचलून पुन्हा टाकली असेल त्यांना लिही. काही काढतील, काही काढणार नाहीत, पण तू काढलीस हे तिला दिसू दे. ती लगेच विरघळेल असं मी सांगणार नाही. दीड-दोन महिन्यांचा अबोला एका संध्याकाळी संपत नाही.

पुढे कधीतरी, आपणहून बोलायला लागेल तेव्हा, तिला विचार, तुझं ते वाक्य मी स्टेजवर म्हणू का? तुझं आहे असं सांगून. ती नाही म्हणाली तर विषय तिथं संपला. समजावायचं नाही, ‘लोकांना किती भिडेल बघ’ म्हणायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा विचारायचं नाही. असे बिट सोडून द्यावे लागतात. माझ्या वहीत तीन आहेत. त्यातला एक मी आजवर केलेल्या कुठल्याही बिटपेक्षा चांगला आहे आणि तो वहीतच राहणार.

घरच्यांवर बोलूच नये का, असं तुला वाटेल. बोलावं. घर सोडून बोलायचं कशावर? पण घाव कुणाच्या अंगावर पडतोय ते बघावं. अमेरिकन विनोदवीर रिचर्ड प्रायर 1980 च्या जूनमध्ये नशेच्या भरात गंभीर भाजला, मरता मरता वाचला. 1982 मध्ये पडद्यावर आलेल्या त्याच्या कार्यक्रमात त्यानं ते सगळं सांगितलं आणि लोक हसून लोळले. त्या कथनात सगळ्यात जास्त उघडा पडतो तो स्वतः प्रायर: त्याची लत, त्याचं स्वतःशी खोटं बोलणं, त्याची भीती. आणि मधे काळ गेला होता. 1998 मध्ये अमेरिकेतला विनोदासाठीचा मार्क ट्वेन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिला मान त्यालाच मिळाला. मी नवीन मुलामुलींना त्याचं ते काम पुन्हा पुन्हा ऐकायला सांगते. शिव्या उचलायला नव्हे. स्वतःला कुठं उभं करायचं ते शिकायला.

आता त्या अकराव्या मिनिटाकडे येऊ.

तू लिहिलंयस, ‘आईचा बिट झाला आणि पुढचं काही आठवेचना.’ हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. लिफ्टचा बिट झाला तेव्हा आठवत होतं. आईचा बिट संपला आणि अंधार आला. घरी आई बोलत नाही, आणि तू तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर तेच वाक्य पुन्हा म्हणालीस, कारण लोक त्याच्यासाठीच आले होते. तोंड म्हणत होतं, पण तू तिथं नव्हतीस. असा बिट म्हणून झाल्यावर पुढचं आठवणं कठीणच. विसरण्याचं एक कारण हे.

दुसरं कारण साधं आहे आणि ते तुला कुणी स्पष्ट सांगितलेलं दिसत नाही. तुझ्याकडे वीस मिनिटं नव्हती. तीन वर्षं पाच मिनिटांचे स्पॉट केलेस. त्यातून पक्की अशी साताठ मिनिटं तयार झाली असतील, लिफ्ट आणि आणखी दोन-तीन बिट. बाकीची बारा मिनिटं तू त्या शोसाठी आठवड्याभरात लिहिलीस, बरोबर ना? कागदावर ती बारा मिनिटं दिसतात. पण लोकांसमोर न गेलेलं साहित्य डोक्यात टिकत नाही. टिकतं ते हशाच्या आधारानं. इथे हशा पडतो, मग मी श्वास घेते, मग पुढचं येतं, अशी साखळी तोंडात बसलेली असते. ज्या बिटला अजून एकही हशा पडलेला नाही त्याला धरायला कडी कुठून येणार? अशा वेळी एक कडी निसटली की पुढची सगळी जातात. ही तुझी लायकी नव्हे, हा हिशोब आहे. तुला स्पॉट देणाऱ्यानं क्लिपचे आकडे बघितले, तुझी मिनिटं विचारली नाहीत. आणि तूही ‘माझ्याकडे आठच आहेत’ म्हणाली नाहीस. पुढच्या वेळी म्हण. आठ मिनिटं देऊन लोकांना आणखी हवंहवंसं वाटत असताना उतरणाऱ्या बाईला पुन्हा बोलावतात.

जेरी साइनफेल्ड जगातला सगळ्यात यशस्वी विनोदवीर म्हणून ओळखला जात होता, तेव्हा 1998 मध्ये त्यानं आपलं सगळं जुनं साहित्य बाजूला ठेवलं आणि नवं लिहायला घेतलं. त्या काळावर 2002 मध्ये एक माहितीपट आला. त्यात तो लहानशा क्लबात उभा राहतो, बोलता बोलता त्याचा धागा सुटतो आणि तो कागदात डोकं घालतो. प्रेक्षक थांबलेले. हा तोच माणूस, ज्याची मालिका आदल्या काही वर्षांत कोट्यवधी लोक बघत होते. नाव कामाला आलं नाही. नवं साहित्य प्रत्येकाला त्याच पायरीवर आणून उभं करतं.

तेव्हा मिनिटं कशी वाढतात ते जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या सोबतच्यांपैकी कुणी हे तुला सांगताना दिसत नाही. ते तुला नोकरी सोडायला सांगताहेत.

माझी पद्धत अशी होती. प्रत्येक स्पॉट फोनवर रेकॉर्ड करायचा, नुसता आवाज. त्या रात्री ऐकायचा नाही. रात्री आपण एकतर तरंगत असतो नाहीतर बुडालेलो असतो, दोन्हींत कान खरं ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन बसायचं आणि शब्द न् शब्द उतरवून काढायचा. जिथे हशा पडला तिथे समासात उभी रेघ, मोठ्या हशाला दोन, टाळीला तीन. जिथे मी हशाची वाट पाहिली आणि आला नाही, तिथे गोळा. पाच मिनिटांचं उतरवायला सुरुवातीला दीड तास लागायचा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याच्यासारखं शिकवणारं दुसरं काही मला सापडलं नाही. वहीवर नजर टाकली की रेघा नसलेला भाग उघडा दिसतो. माझ्या एका बिटमध्ये पहिली पावणेदोन मिनिटं समास कोरा होता. मला वाटायचं मी वातावरण तयार करते आहे. कापून वीस सेकंद केली, शेवट तोच राहिला आणि दोन रेघांच्या तीन झाल्या. दर पंधरा-वीस सेकंदांनी एक तरी रेघ हवी, हे मी स्वतःला घालून घेतलेलं माप. दीर्घ गोष्ट सांगणाऱ्यांचं माप वेगळं असतं, पण सुरुवातीला हे बरं.

आणखी एक गोष्ट वहीत दिसते, ती म्हणजे हशावर बोलणं. हशा पडतोय तोच आपण पुढचं वाक्य सुरू करतो, घाबरल्यामुळे. लोकांना ऐकायचं असतं म्हणून ते हसणं आवरतात. पाच-सहा वेळा असं झालं की ते हसायचंच सोडतात. तुझे जुने रेकॉर्डिंग असतील तर हे आधी तपास.

मग पाच मिनिटांच्या स्पॉटमध्ये चार मिनिटं पक्की आणि एकच मिनिट नवं. नवं कधीही पहिलं नाही आणि शेवटचं नाही, मधे. पुढे बसलेला बिट, मागे बसलेला बिट, मधे हे नवं मूल दोघांचं बोट धरून चालतं. पडलं तरी उचलून नेता येतं. एका स्पॉटमधून नव्या मिनिटातली दहा-पंधरा सेकंद जगतात, उरलेलं मरतं. या वेगानं आठची वीस व्हायला वेळ लागेल, आणि तो लागू दे. अमेरिकन विनोदवीर स्टीव्ह मार्टिननं आपल्या स्टँडअपच्या अठरा वर्षांचा जमाखर्च मांडला आहे. दहा वर्षं शिकण्यात, चार वर्षं घासूनपुसून घेण्यात आणि चार वर्षं अफाट यशात. 1981 मध्ये, हजारोंची मैदानं भरत असताना, तो स्टँडअपमधून बाहेर पडला. मला त्या हिशोबातला पहिला आकडा महत्त्वाचा वाटतो. तुझी तीन झाली आहेत.

अमेरिकन विनोदवीर फिलिस डिलरचं नाव तुझ्या कानावर आलं असेल किंवा नसेल. ती 1955 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पर्पल अनियन नावाच्या लहानशा क्लबात पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा 37 वर्षांची होती आणि पाच मुलांची आई होती. दोन आठवड्यांचं काम होतं, ते लांबत लांबत दीड वर्षाहून जास्त चाललं. तिनं आपले विनोद कार्डांवर टाइप करून विषयवार कप्प्यांत लावले होते. ते लोखंडी कपाट आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि त्यात पन्नास हजारांहून जास्त कार्डं आहेत. एकेका कार्डावर एकेक विनोद. तिचं खिदळणं आणि विस्कटलेले केस सगळ्यांच्या लक्षात राहिले. मला मात्र ते कपाट डोळ्यांसमोर येतं, विशेषतः कुणी मला ‘तिला काय, तिला उपजतच होतं’ असं म्हणालं की.

आता नोकरी.

सोडू नकोस. निदान वीस मिनिटं अनोळखी लोकांसमोर, वेगवेगळ्या ठिकाणी, आठदहा वेळा नीट झाल्याशिवाय तरी नाही. ‘उडी मारल्याशिवाय पोहता येत नाही’ हे ऐकायला छान वाटतं, पण नोकरी सोडून मोकळ्या झालेल्या दिवसांचं तू करणार काय? स्टँडअप रात्रीचं काम आहे. दिवसा स्टेज नसतं. तुला कमी पडतायत ते स्पॉट, आणि ते नोकरी सोडून वाढत नाहीत. जॉनी लिव्हर या नावातलं ‘लिव्हर’ कारखान्यातल्या नोकरीतून आलेलं आहे. हिंदुस्तान लिव्हरमध्ये काम करता करता तो साहेबांच्या आणि सोबत्यांच्या नकला करायचा, तिथल्याच लोकांनी त्याला ते नाव दिलं. त्याची पहिली शाळा ती. तुझ्या लिफ्टचा बिट कुठून आला? ऑफिसातूनच ना?

माझं दुसरं कारण जास्त काळजीचं आहे. स्टँडअपच्या सहाव्या वर्षी मी नोकरी सोडली. दोन महिन्यांत घरभाड्याचा ताण आला आणि मी मिळेल ते काम घेऊ लागले. कंपन्यांच्या कार्यक्रमांत, जिथे अर्धे लोक स्टेजकडे पाठ करून गप्पा मारत असतात, तिथे मी चाळीस-चाळीस मिनिटं उभी राहिले. अशा ठिकाणी काय चालतं ते लवकर कळतं. समोरच्या माणसाच्या टकलावर, पोटावर, नवराबायकोवर बोलायचं. चालतं म्हणून मी ते करत गेले. वर्षभरानं एका ओपन माइकला गेले आणि माझ्या लक्षात आलं, की मला माझं असं काही बोलताच येत नाहीये. ते परत यायला दोन वर्षं गेली. पगार येत असतो तेव्हा ‘हा शो मी करणार नाही’ म्हणता येतं. तुझी नोकरी तुला तेवढं म्हणू देते, म्हणून ती ठेव.

पैशांचं मात्र बोलत जा. ओपन माइक फुकट असतो, ठीक आहे, तिथे आपण शिकायला जातो. पण तिकीट लावलेल्या शोमध्ये तू उभी राहिलीस म्हणजे त्या तिकिटात तुझा वाटा आहे. रक्कम आणि तारीख आधी ठरव, लेखी घे, साधा मेसेजही चालेल. मला एका आयोजकानं दोन शो करून घेऊन ‘पुढच्या वेळी एकदम बघू’ म्हटलं होतं आणि ती पुढची वेळ आली नाही. हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. 1979 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॉमेडी स्टोअर या गाजलेल्या क्लबात विनोदवीरांनी चक्क संप केला, कारण क्लब भरत होता आणि त्यांना काही मिळत नव्हतं. जवळपास सहा आठवडे तो चालला, आणि शेवटी स्पॉटचे पैसे मिळायला लागले. तुझ्याआधी कुणीतरी भांडून ठेवलंय. तेव्हा मानधन विचारताना अवघडू नकोस.

आणि ‘कॉमेडीच सोडून द्यावी’ या वाक्याबद्दल. सोडणं हा काही गुन्हा नाही. अमेरिकन विनोदवीर रॉडनी डेंजरफिल्ड तरुणपणी काही वर्षं स्टेजवर धडपडला, जमलं नाही, सोडलं, आणि घरांच्या भिंतींना लावायचे अॅल्युमिनियमचे पत्रे विकायला लागला. चाळिशीत परतला. 1967 मध्ये एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात झळकला, तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये त्यानं स्वतःचा क्लब काढला. ‘मला कुणी किंमतच देत नाही’ हा त्याचा सगळा सूर त्या मधल्या वर्षांतून आला असं मला नेहमी वाटतं. त्यामुळे तू उद्या थांबलीस तर मी तुला भित्री म्हणणार नाही. पण तू थांबायला निघाली आहेस ती एका वाईट रात्रीमुळे, आणि ती रात्र का वाईट झाली ते आता आपल्याला कळलंय. एवढ्यावरून तीन वर्षांच्या कामाचा निकाल लावू नये. सहा महिने वहीचं काम कर, मग पुन्हा विचार कर.

रात्रीचं एक. शो संपल्यावर ताबडतोब एकटी घरी जाऊन फोनवर प्रतिक्रिया वाचत बसू नकोस. सोबतचं कुणीतरी असू दे, पंधरा मिनिटं का होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस असेल तर होस्टला सांगून लाइनअपमध्ये वरचा नंबर माग. यात कमीपणा काही नाही. शेवटच्या नंबराला उरतात ते चारच लोक, तेही बहुतेक आपल्यासारखेच माइकची वाट बघणारे.

एक गोष्ट राहिली, ती लिहू की नको असा मी विचार करत होते. तुझ्या पत्रात आईबद्दल इतकं आहे, नोकरीबद्दल आहे, क्लिपबद्दल आहे. बाबांबद्दल फक्त ‘बाबा जाऊन दोन वर्षं झाली’. आई मेसेज पाठवते. तू काय करतेस? तुझं त्यांच्याशी कसं होतं, तू त्यांच्या नंबरचं काय केलंस, यातलं काहीच नाही. मला ते विचारायचा हक्क नाही, उत्तर पाठवू नकोस. पण जिथे तू स्टेजवर थांबलीस तिथून पुढचं वाक्य कदाचित त्यांच्याबद्दलचं असेल. ते आधी कुणापाशी तरी बोलावं लागेल, माइकशिवाय. आईपाशी जमलं तर उत्तमच. तळहाताचा घाम आणि ती धडधड आणखी काही आठवडे तशीच राहिली, झोपेवर यायला लागली, तर समुपदेशकाकडे जा. गळा बसला तर आपण डॉक्टरकडे जातोच ना, तसंच हे. प्रेक्षकांवर हा भार टाकता येत नाही, ते हसायला आलेले असतात आणि आपल्या दुःखावरही ते हसतात. त्यांचं चुकतं असं नाही, पण ते हसणं सोसायला आपण तयार असावं लागतं.

आणि गुरुवार. रद्द करू नकोस. पाचच मिनिटं आहेत आणि तुझ्याकडे आठ आहेत, म्हणजे तीन शिल्लक ठेवून तू उभी राहणार आहेस. सुरुवात लिफ्टच्या बिटनं कर. आईचा बिट घ्यायचा नाही, क्लिप बघून आलेल्या कुणी ओरडून मागितला तरी नाही. ‘तो आता करत नाही’ एवढं म्हण आणि पुढे जा. नवं काही आणू नकोस, या वेळी मधलं मिनिटसुद्धा जुनंच असू दे. प्रत्येक बिटचा एक शब्द चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिही आणि ती चिठ्ठी स्टुलावर पाण्याच्या बाटलीखाली ठेव. लागली तर उघड बघ. लोकांना काही वाटत नाही.

वर जायच्या आधी फोन रेकॉर्डिंगला लाव, आणि शुक्रवारी सकाळी वही.

— तुझी ताई